विंचवाची झोप आणि माझी वही

पहिल्या वर्षी हिवाळ्याआधी आम्ही आमची राहायची-फिरायची गाडी, म्हणजे कॅम्पर, कपाट बंद करावं तशी बंद करून आलो. पडदे ओढले, फ्रिज रिकामा केला, पाण्याची टाकी ओतून टाकली, बॅटरीची तार काढली, कुलूप लावलं. पाच महिन्यांनी उघडली, टाकी भरली आणि पंपाचं बटण दाबलं. पंप सुरू झाला तो थांबेचना. एरवी सगळे नळ बंद असले की तो दोन-चार सेकंदांत दाब धरतो आणि गप्प बसतो. त्या दिवशी घरघरतच राहिला. बाहेरून ह्यांचा आवाज आला, "अगं, गाडी रडतेय!"

मागच्या कोपऱ्यात, बाहेरच्या शॉवरच्या चिमुकल्या दाराखालून धार लागली होती.

बाहेरचा शॉवर म्हणजे चिखलाचे पाय धुवायची सोय. वर्षभरात दोनदा वापरला असेल. म्हणूनच विसरलो. त्याच्या नळाच्या बोंडात जेमतेम दोन चमचे पाणी राहिलं असणार. ते गोठलं, फुगलं आणि प्लॅस्टिक उभं चिरलं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. हे वाक्य मी तीस वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मुलांना सांगत आले, फुटलेली काचेची बाटली हातात धरून. त्या दिवशी गाडीच्या मागे उकिडवी बसून मी त्या चिरलेल्या नळाकडे बघत होते आणि ह्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "किती टक्के म्हणालीस?"

आमच्या गाडीचं नाव विंचू. लेकीनं ठेवलंय, बिऱ्हाड पाठीवर म्हणून. मागे दोन बिछाने, एक शेगडी, मांडीवर घेता येईल एवढं सिंक आणि ज्यात उभं राहून वळता येत नाही असं न्हाणीघर. वर्षातले सहा-सात महिने ती आम्हाला फिरवते. उरलेले महिने एका मोकळ्या, कुंपण घातलेल्या जागेत उभी असते. तिथे वीज नाही आणि थंडीत पारा शून्याच्या बराच खाली जातो.

त्या गळक्या दिवसानंतर मी एक वही केली. वही माझ्यासाठीच आहे, पण आजच्या माझ्यासाठी नाही. पाच महिन्यांनी जी बाई ते दार उघडणार आहे, तिच्यासाठी. तिला मी ओळखून आहे. ती उतावळी असते, निघायची घाई झालेली असते, आणि आपण काय झाकलं, काय काढून ठेवलं, कुठला व्हॉल्व्ह फिरवला, यातलं तिला काहीएक आठवत नसतं. गाडी बंद करायचं सगळं काम मी आता तिच्या अंगानं करते.

सुरुवात पाण्यापासून. माझे निम्मे तास यातच जातात आणि जायलाच हवेत.

आदल्या रात्रीच गरम पाण्याचा हीटर बंद करून ठेवते. गरम आणि दाबाखालच्या टाकीचं बूच उघडणं म्हणजे हात भाजून घेण्याची खात्रीशीर पद्धत. सकाळी पाणी गार झालं की आधी वरचा दाब सोडायचा व्हॉल्व्ह उचलायचा, मग खालचं बूच. आमची टाकी पोलादी आहे, त्यामुळे बुचालाच अॅनोड रॉड जोडलेला असतो. टाकीऐवजी आपण गंजून जायचं, एवढंच त्याचं आयुष्य. नवा असताना अंगठ्याएवढा जाड असतो. यंदा बाहेर आला तेव्हा मधून तार दिसत होती आणि भोवती कुरतडल्यासारखे खडे. म्हणजे त्यानं काम चोख केलं. नवा आणून वहीला रबरबँडनं बांधून ठेवलाय, म्हणजे 'ती' तो बसवल्याशिवाय टाकी भरणार नाही. काही हीटरांची टाकी अॅल्युमिनियमची असते. त्यांना हा रॉड नसतो, साधं बूच असतं. आपला कुठला ते एकदा पाहून घ्यावं.

मग सगळ्यांत खालच्या पातळीवरचे दोन निचरा-नळ उघडायचे, एक गार पाण्याचा, एक गरम पाण्याचा. आतले सगळे नळ उघडे ठेवायचे, म्हणजे मागून हवा येते आणि पाणी मोकळं पडतं. पाण्याच्या फिल्टरचं काडतूस काढून टाकायचं. ओल धरून राहिलेलं काडतूस पुढच्या वर्षी वापरायचा मोह होतो. करू नये.

निचरा झाला तरी नळ्यांच्या वळणांत पाणी बसलेलं असतंच. ते हवेनं ढकलून काढतो. कॉम्प्रेसर ३० ते ४० पीएसआयच्या वर न्यायचा नाही. ह्या जड गाडीच्या टायरात भरतो तेवढा दाब बारीक नळ्यांच्या सांध्यांना सोसत नाही. हे बाहेर कॉम्प्रेसरपाशी, मी आत. एकेक नळ उघडायचा, फुरफुर थुंकून कोरडा झाला की बंद करायचा, पुढचा. गरम आणि गार वेगवेगळे. कमोडचं पेडल. न्हाणीघराचा हातशॉवर. आणि हो, बाहेरचा शॉवर. वहीत त्याच्याखाली तीन रेघा आहेत.

त्यानंतर गुलाबी पाणी, म्हणजे थंडीत नळ्या फुटू न देणारं अँटिफ्रीझ. काही जण नुसत्या हवेवर थांबतात. मी थांबत नाही. हवा पाणी ढकलते, पुसत नाही. पंपाच्या पोटात आणि व्हॉल्व्हच्या खाचांत थेंब राहतातच. हीटरचा बायपास, म्हणजे टाकीला वगळून बाजूनं वाट देणारा व्हॉल्व्ह, फिरवायचा, नाहीतर वीस-बावीस लिटर अँटिफ्रीझ नुसती टाकी भरण्यात जाईल. पंपाची शोषनळी थेट डब्यात बुडवायची आणि पंपाजवळच्या नळापासून लांबच्या नळापर्यंत एकेक उघडत जायचं, गुलाबी दिसेपर्यंत. आमच्या गाडीला आठ-नऊ लिटर पुरतं. शेवटी सिंकच्या आणि शॉवरच्या खालच्या यू-बेंडमध्ये एकेक पेला ओतायचा. तिथलं पाणी कुठल्याच नळातून निघत नाही.

इथे माझ्यातली बाई जागी होते, म्हणजे शाळेतली बाई. हे अँटिफ्रीझ प्रोपिलीन ग्लायकॉलचं हवं, पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांसाठी म्हणून विकतात ते. इंजिनाच्या रेडिएटरमध्ये घालतात ते बहुतेक वेळा एथिलीन ग्लायकॉल असतं. ते विषारी आहे, आणि वर चवीला गोड, म्हणून मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना जास्तच धोक्याचं. ज्या नळाला पुढच्या वर्षी आपण तोंड लावणार, त्यात ते जाता कामा नये. रंगावर विसंबू नका, रंग कुणीही कुठलाही घालतो. डब्यावरचं नाव वाचा. आणि डब्यावर शून्याखाली ४६ अंश असं लिहिलेलं असलं, तरी तो आकडा नळी न फुटण्याचा असतो. त्याच्या कितीतरी आधी ते पातळ बर्फाच्या चिखलासारखं होतं. आमच्या ह्यांनी एका वर्षी तो चिखल बघून मला घाबऱ्याघुबऱ्या फोन केला होता. चिखल झाला तर होऊ द्यावा. तो नळीच्या भिंतींवर दगडासारखा जोर लावत नाही, एवढंच आपल्याला हवं.

सांडपाण्याच्या टाक्यांबद्दल फार लिहीत नाही, वाचणारे जेवत असतील. रिकाम्या करा, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, तळाशी मगभर गुलाबी पाणी सोडा म्हणजे व्हॉल्व्हचं रबर सुकून चिकटत नाही. आणि व्हॉल्व्ह बंद ठेवा. उघडा ठेवला तर काय काय आत चालत येतं याची कल्पना करू नका.

आता बॅटरी. हा माझा लाडका विषय. शिशाची बॅटरी १८५९ मध्ये गास्तों प्लाँते या फ्रेंच माणसानं केली आणि तिचा स्वभाव अजून तसाच आहे. ती वापरा, शिव्या द्या, पण उपाशी ठेवू नका. बॅटरी उतरते तेव्हा आम्लातलं सल्फेट प्लेटांवर जाऊन बसतं. लगेच चार्ज केली तर परत आम्लात येतं. महिनोन्‌महिने तसंच राहिलं तर त्याचे कडक स्फटिक होतात आणि मग ते जागचे हलत नाहीत. थंडीत आणखी एक भानगड आहे. सल्फेट प्लेटांवर गेलं की आत उरतं ते जवळजवळ पाणीच. म्हणून भरलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही आणि पूर्ण उतरलेली शून्याच्या थोडं खाली गेलं तरी गोठू शकते. मग पुन्हा ते ९ टक्के.

त्यामुळे मी दोन्ही बॅटऱ्या, इंजिनाची आणि घराची, म्हणजे आतल्या दिव्यांची-पंपाची, पूर्ण चार्ज करते. चार्ज झाल्यावर प्लेटा बुडतील आणि खुणेपर्यंत येईल इतकं डिस्टिल्ड पाणी. आधी भरलं तर चार्ज होताना ते फुगून बाहेर सांडतं. दुसऱ्या दिवशी मीटर लावून बघते. १२.६ ते १२.७ व्होल्ट आले की पोट भरलं. १२.४ म्हणजे पाऊण. त्याखाली मी बॅटरीला झोपू देत नाही. शाळेतून निवृत्त होताना मला शाल मिळाली आणि प्रयोगशाळेतला जुना हायड्रोमीटर, आम्लाची घनता मोजणारा, मी मागून घेतला. शाल कुठे आहे ठाऊक नाही. हायड्रोमीटर दर वर्षी सहाही कप्प्यांत बुडतो आणि १.२६५ च्या आसपास तरंगला की मला उगाच बरं वाटतं.

मग निगेटिव्हची तार सोडायची. आधी निगेटिव्ह, जोडताना ती शेवटी. "सगळे दिवे बंद आहेत की, तार कशाला काढायची?" असं हे पहिल्या वर्षी म्हणाले होते. मी बॅटरी आणि तार यांच्यामध्ये मीटर जोडून दाखवला, ०.१ अँपिअर. गॅसगळती सांगणारा डिटेक्टर, रेडिओची घड्याळ-आठवण, असले न दिसणारे भाडेकरू. ०.१ म्हणजे दिवसाला २.४ अँपिअर-तास. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी सहा आठवड्यांत साफ. तार सोडलेली बॅटरी आपसूकही थोडी उतरते, पण थंडीत ती गती मंदावते. लिथियमवाल्यांचं गणित उलटं आहे. त्यांनी बॅटरी पूर्ण भरून नाही, साधारण निम्म्यावर ठेवायची, आणि शून्याखालच्या तापमानात चार्जरला हात लावायचा नाही.

आमच्या भाऊजींचं, म्हणजे ह्यांच्या धाकट्या भावाचं, याबाबतीत एक ठाम मत आहे. "वहिनी, एवढा खटाटोप कशाला? महिन्यातनं एकदा जाऊन पाच मिनिटं इंजिन चालू करायचं. गाडी पण खूश, बॅटरी पण खूश." हा सल्ला मला इतक्या जणांनी दिलाय की आता मी कागद-पेन्सिलच काढते. पेट्रोल जळलं की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. समीकरण मांडून वजनं धरली तर एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ एक लिटर पाणी. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. पाच मिनिटांत इंजिन, तेल आणि सायलेन्सर पुरते तापतच नाहीत, म्हणजे हे पाणी सायलेन्सरमध्ये आणि तेलात मुक्काम ठोकतं. स्टार्टरनं बॅटरीतून जे ओढलं तेही पाच मिनिटांत भरून निघत नाही. चालवायची तर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर नीट चालवावी, नाहीतर हात लावू नये. भाऊजी समीकरण बघतात आणि म्हणतात, "वहिनी, तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही."

त्याच पाण्यासाठी आम्ही तेल बंद करण्याआधीच बदलतो. सहा महिने वापरलेल्या तेलात ओल आणि आम्लं मुरलेली असतात, ती बेअरिंगना लावून ठेवायची कशाला? पेट्रोलची टाकी काठोकाठ. टाकीत जितकी हवा कमी तितकं आत दवही कमी. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढून घेतं, आणि फार झालं की इथेनॉल-पाण्याचा थर खाली वेगळा बसतो. म्हणून शेवटच्या पंपावर आधी स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल टिकवणारं औषध, ओतायचा, मग पेट्रोल भरायचं आणि वीस मिनिटं चालवत जागेवर यायचं, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचतं. डिझेलवाल्यांकडे टाकीच्या तळाच्या पाण्यात जंतू आणि बुरशी वाढते. त्यांची औषधं वेगळी.

जनरेटर मात्र मी चालवते. त्याच्या कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सुकून चिकट वार्निश झालं की बारीक भोकं बुजतात. महिन्यातून एकदा, साधारण निम्मा भार देऊन, तासभर तरी. मी एक छोटा पंखेवाला हीटर लावते आणि सगळ्या खिडक्या उघडून बाहेर खुर्ची टाकून बसते. धूर आत येईल अशा जागी तो कधीच सुरू करायचा नाही. त्या तासात बॅटरीही थोडी भरून निघते.

टायर. यांच्यावर माझा राग आहे, कारण ते धडधाकट दिसत असतात आणि नसतात. टायरच्या रबरात ऊन आणि ओझोन यांपासून जपणारी द्रव्यं घातलेली असतात. चाक फिरताना, रबर दबताना-सुटताना ती हळूहळू पृष्ठभागावर येतात. उभ्या चाकात तसं होत नाही, आणि बाजूला बारीक भेगा पडतात. म्हणूनच कमी चाललेल्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असतानाच म्हातारे होतात. टायरच्या बाजूला अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आमचे मागचे टायर नक्षीवरून नवेच वाटत होते, आकडे बघितल्यावर आम्ही निमूट बदलले.

बंद करताना टायर धुऊन कोरडे करतो. चकाकीसाठीचं तेलकट काही लावत नाही. हवा बाजूवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत, गार टायरात मोजून. पाच महिन्यांत थोडी उतरणारच, आणि कमी हवेवर उभ्या टायराला एकाच जागी सपाट बूड येतं. चाकांखाली लाकडी फळ्या. फळी टायरच्या टेकणाऱ्या भागाहून सगळीकडून मोठी हवी, काठावर अर्धवट टेकलेला टायर तिथेच दुमडतो. वरून पांढऱ्या कापडाचे खोळ. आणि महिन्यातून एकदा गाडी हातभर पुढे किंवा मागे. हे काम ह्यांचं. आत बसून ब्रेक सांभाळायचा आणि मी बाहेरून ओरडायचं.

पण हँडब्रेक लावायचा नाही. महिनोन्‌महिने ओढून ठेवलेला हँडब्रेक गंजून ड्रमला चिकटतो. हे जागेवर गाडी लावतात, इंजिन बंद करतात आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं हात खाली जातो. "अहो, हँडब्रेक!" हे दर वर्षी होतं. आधी चाकांना पुढून-मागून ठोकळे, मग गियर, मग हँडब्रेक सोडायचा. स्टिअरिंगवर मी कागद चिकटवलाय, 'सोडलाय. ठोकळे आहेत.'

आता उंदीर. दुसऱ्या वर्षी नळ सगळे शाबूत निघाले आणि मी विजयी मुद्रेनं कपाट उघडलं, तर लेकीची लोकरी टोपी नव्हती. म्हणजे होती, पण कापसाच्या ढिगासारखी, बिछान्याखाली, मध्ये खळगा करून. शेजारी गाडीच्या माहितीपुस्तिकेची पानं बारीक कातरलेली. वायरी वाचल्या होत्या, ते नशीब. इंजिनाच्या एअर फिल्टरच्या डब्यातही एक बिऱ्हाड होतं. विंचवाच्या पाठीवर उंदराचं बिऱ्हाड.

तेव्हापासून आम्ही एक करतो, आणि बंद करण्याच्या कामातलं मला सगळ्यांत आवडतं ते हेच. अंधार पडला की मी आत बसते. सगळे पडदे ओढलेले, सगळी कपाटं आणि सिंकखालची दारं उघडी. हे प्रखर टॉर्च घेऊन गाडीखाली सरपटतात आणि तळाशी, कडेकडेनं, प्रत्येक नळीच्या आणि वायरीच्या भोकापाशी प्रकाश टाकतात. मी काळोखात गप्प बसून बघते. कुठेतरी, सिंकच्या मागे, एक बारीक चांदणी उगवते.

"थांबा! तिथेच!"

"कुठे?"

"जिथे आहात तिथेच!"

"मी कुठे आहे ते मला कळलं असतं तर!"

पहिल्या खेपेला अकरा चांदण्या मोजल्या. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून छोटा उंदीर येतो, साधारण ६ मिलिमीटर. नुसता फोम भरला तर तो ते आनंदानं कुरतडतात. आधी तांब्याची जाळीदार लोकर कोंबायची, मग वरून सीलंट. स्टीलची लोकरही चालते, पण ती गंजून डाग पाडते. विष मी ठेवत नाही. उंदीर खातो, भिंतीच्या आत जाऊन मरतो, आणि मग त्या वासासोबत प्रवास आपल्याला करायचा असतो. डांबराच्या गोळ्यांचंही तेच. उंदीर जातो की नाही माहीत नाही, वास मात्र गाद्यांतून वर्षभर जात नाही, आणि ती वाफ श्वासात घेण्याजोगी नाही. त्यापेक्षा आत खायला काही ठेवू नका. साखरेचा डबा घट्ट आहे, असू दे, असं म्हणू नका. कपडे, चादरी, टोप्या, पुस्तकं, सगळं घरी. फ्रिज सोड्याच्या पाण्यानं पुसून, दाराच्या फटीत टॉवेलची गुंडाळी घालून उघडा. बंद फ्रिजमध्ये आठवड्याभरात बुरशी धरते.

उंदरांपेक्षा बारीक मंडळी गॅसच्या वासावर येतात. गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मिसळलेला असतो, आणि काही कोळ्यांना, कुंभारमाश्यांना तो ओढून आणतो म्हणतात. कारण काहीही असो, हीटरच्या आणि फ्रिजच्या बाहेरच्या झरोक्यांत कुंभारमाशी मातीचं घर बांधते आणि बर्नरच्या नळीत कोळी जाळं विणतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. थट्टा वाटेल, पण २०११ मध्ये माझदा कंपनीला हजारो मोटारी परत बोलवाव्या लागल्या होत्या, कारण पेट्रोलच्या टाकीच्या हवेच्या नळीत कोळी जाळी विणत होते. आम्ही सिलेंडर बंद करतो, शेगडीवर नळीतला उरलेला गॅस जाळून टाकतो आणि झरोक्यांना बारीक जाळ्या लावतो.

जाळी लावली आणि काढायची विसरली तर? बंद झरोक्याचा हीटर पेटवणं म्हणजे धूर आत घेणं. इथेच मला 'ती' आठवते. प्रत्येक झाकलेल्या, काढलेल्या, वळवलेल्या गोष्टीला मी लाल फीत बांधते. हीटरचा झरोका, फ्रिजचा झरोका, एअर फिल्टरचं तोंड, सायलेन्सरचं तोंड, हीटरचा बायपास, अॅनोडची रिकामी जागा, बॅटरीची तार. सात. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'हातात सात फिती आल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही.' जनरेटरसाठी दर महिन्याला तार जोडते, तेव्हा तिची फीत दंडाला बांधते आणि निघताना परत तिच्या जागी.

छताचं थोडक्यात. धुऊन, वाळवून, गुडघ्यांवर रांगत प्रत्येक झरोक्याभोवतीचं सीलंट नखानं दाबून बघते. चीर दिसली की छतासाठीचं, आपोआप पसरणारं सीलंट. सिलिकॉन मुळीच नको. ते एकदा लागलं की नंतर त्यावर दुसरं काही धरत नाही. मागे एका माणसानं आमच्यासाठी ते लावून ठेवलं होतं, ते खरवडण्यात माझे दोन दिवस गेले. बाजूचं गुंडाळायचं कापडी छत पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळायचं नाही. वरून घालायचा अभ्रा श्वास घेणाऱ्या कापडाचा. निळी ताडपत्री टाकली तर आतली ओल आतच राहते आणि वाऱ्यावर फडफडून ती रंग घासून काढते. गाडी झाडाखाली नको, गवतावर नको, आणि एका बाजूला किंचित कलती असली तर पाणी साचत नाही. विम्याचं पान वाचून घ्या. उभ्या गाडीचीही चोरी होऊ शकते, तिलाही आग लागू शकतेच.

आतल्या ओलीसाठी दोन डबे, कॅल्शियम क्लोराईडचे. ते हवेतली ओल पितं आणि स्वतःच विरघळून खालच्या भांड्यात पाणी होऊन बसतं. डबे सिंकमध्ये ठेवते, कारण ते खारट पाणी सांडलं तर धातू खातं. छताची झडप बोटभर उघडी, तिला जाळी.

शेवटी वहीत तारीख, किलोमीटर, दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट, चारही टायरांची हवा, फिती सात. यंदा ह्यांनी माझ्या हातून पेन घेऊन खाली एक ओळ लिहिली, 'बाहेरचा शॉवर: मी स्वतः पाहिला. गुलाबी.'

मागच्या रविवारी दुसरी फेरी झाली. तार जोडण्याआधी मीटर लावला, घराच्या बॅटरीत १२.६. सिंकमधल्या डब्यांत दोन बोटं पाणी होतं, ते बाहेर नेऊन ओतलं. बिछान्याखाली, कपाटात, फिल्टरच्या डब्यात टॉर्च मारला, काही नाही. जनरेटर तासभर चालला. गाडी हातभर पुढे घेतली, ह्यांचा हात हँडब्रेककडे गेला, मी काच वाजवली. तार सोडली, दंडावरची फीत परत बांधली, सात मोजल्या आणि अभ्रा खाली ओढला.